हास्यातून लाभलेले गणगोत : बर्लिनचा कॅबरे

कॅबरे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी चित्रपटातील नृत्य उभे राहते. वस्तुतः कॅबरे हा एक स्वतंत्र रंगमंचीय प्रकार आहे. लहानसे सभागृह, टेबलांभोवती बसलेले प्रेक्षक, गीते, नकला आणि या सर्वांना जोडणारा, प्रेक्षकांचीही फिरकी घेणारा निवेदक ही त्याची प्रमुख अंगे होत. १८८१ मध्ये पॅरिसला उदय पावलेला हा प्रकार १९०१ मध्ये बर्लिनला पोहोचला. पहिल्या महायुद्धानंतर तेथील समलिंगी स्त्रीपुरुषांना या रंगमंचाने काय दिले, एवढाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जर्मन दंडविधानाच्या १७५ व्या कलमानुसार पुरुषांमधील समलिंगी संबंध हा गुन्हा होता. स्त्रियांना ते कलम लागू नव्हते. परंतु लोकापवादाचे भय त्यांनाही होतेच. शिक्षेइतकीच जाचक गोष्ट म्हणजे एकाकीपण. आपल्यासारखे आणखी कोणी आहे की नाही, हेच कळण्याची सोय नसे. १९१९ मध्ये डॉ. मॅग्नुस हिर्शफेल्ड यांनी बर्लिनमध्ये लैंगिकशास्त्र संस्था स्थापन केली. पुढच्याच वर्षी मिशा स्पोलिआन्स्की यांनी टोपणनावाने स्वरबद्ध केलेले ‘जांभळे गीत’ त्यांना अर्पण करण्यात आले. शास्त्राने जे ग्रंथांतून मांडले, ते गाण्याने मेजामेजांवर पोहोचविले.

या रंगमंचावरील विनोद दुहेरी असे. १९२८ च्या एका संगीतिकेत मार्लेन डीट्रिश आणि मार्गो लिऑन यांनी खरेदीला निघालेल्या दोन मैत्रिणींचे गीत गाईले. इतरांना ती निव्वळ थट्टा वाटे. ज्यांना कळायचे त्यांना कळे. नेमक्या जागी हसणारा शेजारी आपलाच, ही ओळख त्या हास्यातून पटे. क्लेअर वाल्डोफ ही गायिका तर सदरा आणि टाय घालून ठसकेबाज बर्लिनी बोलीत गाई. ओल्गा फॉन रोडर हिच्याबरोबरचे तिचे सहजीवन अखेरपर्यंत टिकले.

अर्थात सारेच उजळ नव्हते. ‘एल्डोराडो’सारख्या ठिकाणी केवळ गंमत पाहण्यासाठी प्रवासीही गर्दी करीत. कोणाबरोबर हसणे आणि कोणाला हसणे यांतील अंतर फार थोडे असते.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ही सभागृहे बंद पडली. ६ मे रोजी हिर्शफेल्ड यांच्या संस्थेवर हल्ला झाला. चार दिवसांनी तेथील ग्रंथांची भर चौकात होळी झाली. हल्ला करणाऱ्यांत महाविद्यालयीन विद्यार्थीही होते, हे आपण विद्यार्थ्यांनी विसरू नये. १७५ वे कलम पूर्णपणे रद्द होण्यास १९९४ साल उजाडावे लागले.

ग्रंथ जळाले, सभागृहे गेली. गाणी मात्र ध्वनिमुद्रिकांवर उरली. क्लेअर १९५७ मध्ये आणि ओल्गा १९६३ मध्ये निवर्तली. स्टुटगार्ट येथे दोघी एकाच थडग्यात विसावल्या आहेत.