संगणकाच्या भाषा आणि आपला भाषाभिमान

आपल्या बिरसा भागातील आठवडी बाजारात गोंडी, हिंदी, मराठी अशा भाषा एकाच वेळी कानी पडतात. सौदे पटतात, कोणाचे अडत नाही. परंतु एखाद्या मुलाच्या बोलीला कोणी गावंढळ म्हणून हसले, की तो वर्गात तोंड उघडीनासा होतो. संगणकाच्या जगातही हा दुरभिमान आढळतो.

संगणकास द्यावयाच्या सूचनांना आज्ञावली म्हणतात. ती लिहिण्यासाठी अनेक भाषा रचलेल्या आहेत. १९५७ साली शास्त्रीय आकडेमोडीसाठी फोरट्रॅन आली. १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात केमेनी व कुर्ट्झ यांनी नवशिक्यांसाठी बेसिक ही सोपी भाषा रचली. प्रत्येकीचे प्रयोजन निराळे. तरीही त्यांचे अभिमानी परस्परांस तुच्छ लेखू लागले.

वाद मुळीच नसावा, असे नव्हे. १९६८ साली डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी ‘गो टू’ या आज्ञेमुळे आज्ञावलीचा ओघ समजणे कसे कठीण होते, हे सकारण मांडले. १९७४ साली डोनाल्ड नूथ यांनी तीच आज्ञा कोठे उपयोगी पडते, हेही सप्रमाण दाखविले. अशा वादाने शास्त्र पुढे जाते. परंतु १९७५ साली डाइक्स्ट्रा यांनीच, आधी बेसिक शिकलेल्यास चांगली आज्ञावली शिकविणे जवळजवळ अशक्य आहे, असे मत दिले. येथे भाषेचा दोष शिकणाऱ्याच्या माथी बसला.

फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स लहानपणी आजोबांच्या संगणकावर बेसिकच शिकला होता. पुढे १९९१ साली त्याने ‘सी’ भाषेत लिनक्सचा गाभा लिहिला. आपल्या घरातील अँड्रॉइड मोबाइल त्याच गाभ्यावर चालतो! पण हे टोरव्हाल्ड्सही २००७ साली ‘सी प्लस प्लस’ भाषेवर आणि ती वापरणाऱ्यांवरही तुटून पडले. २०१८ साली मात्र आपल्या एकंदर कठोर वागण्याबद्दल त्यांनी जाहीर क्षमा मागितली, आणि २०२२ साली लिनक्सच्या गाभ्यात ‘सी’च्या जोडीला ‘रस्ट’ ही नवी भाषा आली.

विळ्याने विहीर खणत नाहीत आणि कुदळीने धान कापीत नाहीत. भाषेचीही परीक्षा कामावरून करावी. तिचे उणे दिसल्यास कारणासह अवश्य सांगावे. परंतु ती बोलणाऱ्यास वा शिकणाऱ्यास हसू नये. वर्गात गप्प बसलेल्या त्या मुलाजवळही सांगण्यासारखे पुष्कळ असते. ते ऐकण्याची सवय आपण शाळेतच लावून घेऊ या.