ट्रॉम्बोनला उत्तर देणारा संगणक

प्रश्न : लग्नाच्या बँडमध्ये पुढेमागे सरकणाऱ्या नळीचं जे पितळी वाद्य दिसतं, ते ट्रॉम्बोन घेऊन एक अमेरिकन वादक संगणकासोबत जुगलबंदी करतो, तीही आधी काहीच न ठरवता, असं वाचनात आलं. संगणकात आधी भरून ठेवलेलं संगीत वाजत असेल, तर ती जुगलबंदी कसली? आणि तसं नसेल, तर यंत्राला वादकाचं ऐकू येतं कसं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुम्ही वाचलंत ते जॉर्ज लुईस यांच्याबद्दल असणार. भरून ठेवलेलं संगीत तिथे अजिबात नसतं. आज वाजलं ते उद्या पुन्हा वाजवून दाखवा म्हटलं, तर लुईसनाही ते जमणार नाही आणि त्यांच्या संगणकालाही नाही. ऐकण्याचं म्हणाल, तर यंत्र ऐकतं, पण आपल्यासारखं नाही. ते कसं ते सांगतो, मात्र त्याआधी माणूस समजून घ्यायला हवा.

लुईस यांचा जन्म १९५२ चा, शिकागोचा. नवव्या वर्षी हातात ट्रॉम्बोन आला. रे अँडरसन हे पुढे गाजलेले ट्रॉम्बोनवादक त्यांचे शाळासोबती, ही एक मौजेची गोष्ट. नंतर येल विद्यापीठात लुईस यांनी तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. पण खरं वळण लागलं ते १९७१ मध्ये, शिकागोतल्या ‘असोसिएशन फॉर द अॅडव्हान्समेंट ऑफ क्रिएटिव्ह म्युझिशियन्स’ या संस्थेत शिरल्यावर. १९६५ मध्ये कृष्णवर्णीय संगीतकारांनी स्वतःच्या हिमतीवर उभी केलेली ही संस्था. दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवून टाळ्या घ्यायच्या नाहीत, आपलं संगीत आपण रचायचं, हा तिथला बाणा. एकेका वादकाने अनेक वाद्यं हाताळायची, हीही तिथलीच रीत. तिथल्या रॉस्को मिचेल आणि त्यांच्या साथीदारांच्या मैफलीत तर सॅक्सोफोनपासून घंटा-शिट्ट्यांपर्यंत वाद्यांनी रंगमंच भरून जाई. ही रीत लक्षात ठेवा, कारण लुईस यांचा संगणक तिच्याच पोटी जन्मला.

काही काळ लुईस जाझमधल्या काउंट बेसींच्या वाद्यवृंदात होते, संगीतकार अँथनी ब्रॅक्स्टन यांच्याबरोबरही वाजवत होते. १९७६ मध्ये त्यांनी एकल ट्रॉम्बोनची तबकडी ध्वनिमुद्रित केली. तिच्यातल्या एका रचनेत तीन ट्रॉम्बोन एकदम वाजतात आणि तिन्ही वाजवणारे लुईसच आहेत: एकावर एक आवाज चढवून केलेलं ते मुद्रण आहे. ट्रॉम्बोनला पडदे नाहीत, कळा नाहीत. नळी सरकवली की एका सुरातून दुसऱ्यात मींड घेत जाता येतं, आणि गुरगुरणं, पुटपुटणं, हसणंही त्यातून निघतं. त्या तबकडीत हे सगळं ऐकू येतं. मला मात्र त्यातला मूळ ध्यास दिसतो तो असा, की या माणसाला एकट्याने वाजवतानाही सोबत हवी आहे.

ती सोबत त्यांना यंत्रात सापडली. त्या वेळी केआयएम-१ नावाचा संगणक मिळायचा. संगणक म्हणजे काय, तर उघडा सर्किटचा पत्रा, आकडे दाबायच्या थोड्या कळा, सहा आकड्यांची खिडकी आणि जेमतेम एक किलोबाइट स्मृती. एवढ्या भांडवलावर त्यांनी प्रयोग मांडले. १९८४ मध्ये पॅरिसच्या ‘इर्काम’ या संशोधन केंद्रात ‘रेनबो फॅमिली’ सादर झालं. त्यात संगणकांसोबत डेरेक बेली, स्टीव्ह लेसी, जोएल लेआंद्र आणि डग्लस युअर्ट यांच्यासारखे कसलेले उत्स्फूर्त वादक बसले होते. पुढे १९८६ ते १९८८ या काळात, अॅमस्टरडॅमच्या ‘स्टाइम’ या संस्थेत, ‘व्हॉयेजर’ तयार झाला. तुमच्या प्रश्नातला संगणक हाच.

आता त्याचं ऐकणं. ट्रॉम्बोनचा आवाज मायक्रोफोनमधून एका उपकरणात जातो. ते उपकरण प्रत्येक सुराचे आकडे करतं: किती उंच, किती जोरात, कधी सुरू झाला, कधी थांबला. ‘व्हॉयेजर’ या आकड्यांच्या सरासऱ्या काढत राहतो. वादक सध्या साधारण कोणत्या सप्तकात फिरतो आहे, सूर दाट पडताहेत की विरळ, आवाज चढा आहे की दबका. राग, बंदिश, भाव यांतलं त्याला काही कळत नाही. आता दुसरी बाजू. त्याच्या पोटात ६४ ‘वादक’ आहेत, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारे ६४ आवाज. एकट्याने अनेक वाद्यं हाताळण्याची शिकागोतली रीत ती हीच. दर पाच ते सात सेकंदांनी तो नवा डाव मांडतो: आता यांतले किती जण वाजवणार, कोणत्या वाद्याच्या आवाजात, कोणत्या स्वरसमूहात, कोणत्या लयीत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, समोरच्या माणसाकडे लक्ष द्यायचं की नाही. कधी तो लुईसच्या मागोमाग जातो, कधी उलटं बोलतो, कधी चक्क दुर्लक्ष करतो. या निवडींत यदृच्छेलाही जागा ठेवलेली आहे, म्हणून घडी घडी नवी. लुईस थांबले तरी तो थांबत नाही, आणि समोर कोणीच नसलं तरी वाजवू शकतो.

इथेच तुमच्या ‘जुगलबंदी’ या शब्दाला न्याय मिळतो. आपल्याकडे गायकामागून संवादिनी जाते, तिने गायकाच्या पुढे जायचं नसतं. यंत्राला असं साथीला बसवणं लुईस यांना सहज जमलं असतं आणि लोकांनाही ते जास्त आवडलं असतं. त्यांनी ते मुद्दाम टाळलं. मालक माणूस आणि नोकर यंत्र ही उतरंडच त्यांना नको होती. गुलामगिरीचा इतिहास असलेल्या समाजातून आलेल्या, तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाने बरोबरीचा हा आग्रह धरावा, यात मला त्यांच्या कलेचं खरं मोल दिसतं. नळीची करामत पुष्कळांना येते. स्वतः घडवलेल्या यंत्राला आपल्याकडे पाठ फिरवण्याचा हक्क देणं दुर्मिळ.

ऐकायला हे सोपं नाही, हेही सांगायला हवं. साठ-साठ आवाज वेगवेगळ्या चालीने धावू लागले की पहिल्यांदा गलका वाटतो. ‘फार सूर झाले’ ही तक्रार लुईस यांच्या कानावर इतकी आली असावी, की या प्रणालीवरच्या २००० सालच्या आपल्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी ती घेतली. त्यांचं उत्तर साधारण असं, की गर्दी हेच इथलं सौंदर्य आहे. अनेकांनी एकाच वेळी आपापलं बोलणं ही आफ्रिकन-अमेरिकन कलेची जुनी चाल आहे. मला हे पटतं. बरेचदा ऐकल्यावर त्या गर्दीत माणसं ओळखू येतात तसे आवाज ओळखू येतात.

पुढे मानसन्मान मिळाले. २००२ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप, २००४ मध्ये कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापकपद. आपल्या मातृसंस्थेचा इतिहास त्यांनी २००८ मध्ये जाडजूड ग्रंथात लिहिला. नंतरच्या काळात ‘व्हॉयेजर’ला ६४ कृत्रिम आवाजांऐवजी खरा पियानो मिळाला, ज्याच्या पट्ट्या संगणकाच्या हुकमावर आपोआप दबतात.

ऐकायचंच असेल, तर थेट ‘व्हॉयेजर’पासून सुरुवात करू नका. आधी १९७६ मध्ये मुद्रित झालेलं एकल ट्रॉम्बोन ऐका, म्हणजे लुईस यांचा आवाज कानात बसेल. मग १९९३ मधली ‘व्हॉयेजर’ची तबकडी लावा, तिच्यात रॉस्को मिचेलही आहेत. हेडफोन वापरा, आणि निदान एकदा तरी फक्त संगणकाकडे लक्ष देऊन ऐका. तो कधी ऐकतोय आणि कधी ऐकत नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल.