विजेचे बिल

मुलांनो, घरी विजेचे बिल आले की आपण काय पाहतो? किती पैसे भरायचे आणि शेवटची तारीख कोणती, एवढेच! बाकीचा कागद कोणी वाचत नाही. आज आपण तो वाचू या.

बाजारात एका गाडीवर कांदे महाग वाटले, तर आपण पुढच्या गाडीवर जातो. विजेचे तसे नाही. एकाच गल्लीत चार कंपन्यांनी वेगवेगळे खांब उभारणे परवडत नाही. म्हणून महाराष्ट्रातील बहुतेक गावांत आणि शहरांत वीज देणारी कंपनी एकच असते. यालाच मक्तेदारी म्हणतात. बिल वाढले तरी आपण दुसऱ्या दुकानी जाऊ शकत नाही. मग आपल्या हाती काय उरते? बिल समजून घेणे आणि प्रश्न विचारणे.

आधी ‘युनिट’ म्हणजे काय ते पाहू. १००० वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. ७५ वॉटचा पंखा रोज ८ तास चालला, तर ३० दिवसांत १८ युनिटे होतात. जुना ६० वॉटचा बल्ब एका युनिटात सुमारे १७ तास जळतो. ९ वॉटचा एलईडी दिवा जवळजवळ तेवढाच उजेड देतो. पण तो एका युनिटात १११ तास चालतो!

घरगुती विजेचा दर सगळ्या युनिटांना सारखा नसतो. पहिल्या १०० युनिटांना दर कमी असतो. १०१ व्या युनिटापासून तो बराच वाढतो. म्हणून वापर थोडा वाढला तरी बिल जास्त वाढते. याशिवाय बिलात ‘स्थिर आकार’ असतो. तो दिवा न लावताही द्यावा लागतो. ‘वीज शुल्क’ हा राज्य सरकारचा कर आहे. कोळसा महागला की ‘इंधन समायोजन आकार’ही वाढू शकतो.

आता एक खरी गोष्ट सांगतो. माझ्या वर्गातील एका मुलीचे अब्बा शिलाईकाम करतात. एकदा त्यांच्या घरी नेहमीच्या दुप्पट बिल आले. अम्मी म्हणाल्या, “मशीन जास्त चालली असेल.” घरात कोणालाच मराठी वाचता येत नव्हते. मुलगी ते बिल घेऊन शाळेत आली. मी म्हणालो, “आधी मागील रीडिंग आणि चालू रीडिंग शोध.” तिने वाचले: मागील ४५२०, चालू ४७१५. म्हणजे १९५ युनिटे. घरी जाऊन तिने मीटर पाहिले. मीटरवर ४६२८ हा आकडा होता!

बिलातला आकडा मीटरच्या पुढे कसा जाईल? कोणी मीटर न पाहताच अंदाजे आकडा लिहिला होता. खरा वापर १०८ युनिटांचा होता. तिने मीटरचा फोटो काढला आणि मराठीत अर्ज लिहिला. अब्बांनी तो कार्यालयात दिला आणि पोच घेतली. दोन खेपा झाल्या. पण बिल दुरुस्त झाले. त्या दिवशी ती मला म्हणाली, “सर, मराठीचा तास आज घरी कामाला आला.”

मुलांनो, दर ठरवण्याचे काम कंपनीचे नाही. ते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग करतो. हा आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला. दर ठरवण्यापूर्वी आयोगाला लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्या लागतात. त्यासाठी जनसुनावणी होते. तेथे साधा ग्राहकही बोलू शकतो. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. तक्रार ऐकण्यासाठी मंचही असतो.

हे सारे हक्क कागदावर आहेत. कागद वाचणाऱ्यालाच ते मिळतात. म्हणून आज घरी गेल्यावर मीटरचा आकडा वहीत लिहा आणि शेजारच्या आजीबाईंचे बिलही वाचून दाखवा.

शब्दार्थ
मक्तेदारी – एकाच विक्रेत्याच्या हाती सर्व व्यवहार असणे
शुल्क – कर
समायोजन – कमी-जास्त जुळवून घेणे
हरकत – आक्षेप
पोच – कागद मिळाल्याची सही किंवा शिक्का
थकबाकी – न भरलेली रक्कम

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एक युनिट म्हणजे काय?
(आ) मुलीला बिलात कोणती चूक सापडली?
२. कारण सांगा : वीज महाग वाटली तरी ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकत नाही.
३. ‘अर्ज’, ‘हक्क’, ‘तक्रार’ हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचे मराठी आणि उर्दूतील अर्थ सांगा. कोणत्या शब्दाचा अर्थ बदलतो?
४. उपक्रम : सात दिवस रोज एकाच वेळी घरच्या मीटरचा आकडा लिहा. कोणत्या दिवशी वीज जास्त लागली? का?