एका कंपनातून बारा स्वर

संगीत नाटकात रंगमंचासमोर बसून, पायाने भाता चालवत वाजवला जाणारा ऑर्गन तुमच्यापैकी काहींनी आपल्या सोलापूरच्या हुतात्मा स्मृति मंदिरात पाहिला असेल. त्यात प्रत्येक स्वराची वेगळी धातूची पत्ती असते आणि ती हवेच्या झोताने कंप पावते. घरगुती इलेक्ट्रॉनिक ऑर्गनात भाताही नाही आणि पत्तीही नाही. मग स्वर निघतो कोठून?

अमेरिकेतील लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ मध्ये बाजारात आणलेल्या ऑर्गनात ९१ पोलादी चक्रे चुंबकांसमोर फिरत. चक्राच्या कडेचे उंचवटे चुंबकासमोरून जात, तसतसा जवळच्या वेटोळ्यात बदलता विद्युतदाब निर्माण होई. १९७० च्या दशकात याहून सुटसुटीत युक्ती निघाली, ती म्हणजे भागाकार!

सेकंदाला सुमारे २० लाख कंपने करणारा एकच आंदोलक घ्या. आयसीतील एक विभाजक या संख्येला ४७८ ने भागतो, दुसरा ४५१ ने, तिसरा ४२६ ने. असे बारा विभाजक म्हणजे बारा स्वर. २० लाखांना ४७८ ने भागल्यास सुमारे ४१८४ हर्ट्झ मिळतात. ही वरच्या सप्तकातील ‘पांढरी एक’. तिला २ ने भागत जा : २०९२, १०४६, ५२३, २६१.५. प्रत्येक भागाकाराने स्वर एक सप्तक खाली उतरतो. मूळ आंदोलक एकच असल्यामुळे तो किंचित सरकला, तरी सर्व स्वर एकाच प्रमाणात सरकतात. त्यांचे आपसातील नाते बिघडत नाही. तो सेकंदाला सहा-सात वेळा मुद्दाम किंचित वर-खाली केला, की सगळे स्वर एकदम डोलू लागतात. ‘व्हायब्रॅटो’चे बटण हेच करते.

विभाजकातून येणारा तरंग चौकोनी असतो. त्यात मूळ कंपनसंख्येबरोबर तिच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशी विषम पटीची उपकंपने असतात. गाळणी मंडलाने ती बहुतेक अडवली, की स्वर बासरीसारखा मऊ होतो. जास्त राहू दिली, की तो पत्तीच्या वाद्यासारखा धारदार लागतो. वाद्यांची नावे लिहिलेली बटणे म्हणजे अशा वेगवेगळ्या गाळण्याच होत.

आता ४७८ ला ४५१ ने भागून पाहा. उत्तर १.०५९९ येते. १.०५९५ या संख्येचा बारा वेळा गुणाकार केला की २, म्हणजे वरचा षड्ज, मिळतो. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडले जावेत म्हणून त्या संख्येच्या जवळ जाणारे भाजक निवडलेले आहेत. त्यामुळे कोणत्याही पट्टीला षड्ज मानून वाजवता येते. पण या सोयीची किंमत मोजावी लागते. गणित सोपे व्हावे म्हणून षड्ज २४० हर्ट्झ धरू. तंबोऱ्याच्या नादातून उमटणारा गंधार षड्जाच्या सव्वापट, म्हणजे ३०० हर्ट्झ असतो. समान भागांचा गंधार ३०२.४ येतो! पंचम मात्र ३६० च्या जागी ३५९.६, म्हणजे जवळजवळ बिनचूक.

हा फरक क्षुल्लक नाही. हार्मोनियमवर मींड निघत नाही, आणि तिचे स्वर असे ठोकळ बसवलेले असतात, या आक्षेपांमुळे ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ मध्ये शिथिल झाली. त्याआधीच सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींच्या कंपनसंख्यांचा अभ्यास करून १९१० मध्ये पुस्तक लिहिले होते आणि ई. क्लेमेंट्स यांच्यासह श्रुतींची हार्मोनियम घडवण्याचा प्रयत्न केला होता. पत्ती घासून जे साधायचे, ते आजच्या काही इलेक्ट्रॉनिक वाद्यांत प्रत्येक स्वराची कंपनसंख्या आकड्याने बदलून साधता येते. वाद्य घेताना बटणे किती आहेत यापेक्षा ही सोय आहे का, ते जरूर विचारा.

शेवटी एक प्रयोग. ऑर्गनच्या षड्जाशी तंबोऱ्याची जोड जुळवा. मग ऑर्गनवर मध्य सप्तकाच्या वरच्या सप्तकातील पंचम हळू आवाजात धरा. त्याचे ७१९.२ हर्ट्झ आणि तारेच्या तिप्पट उपकंपनाचे ७२० हर्ट्झ यांचे विस्पंद सेकंदाला एकही पुरा होणार नाही. आता दोन सप्तके वरचा गंधार धरा. १२०९.६ आणि १२०० यांत सेकंदाला साडेनऊ विस्पंद होतील आणि आवाज थरथरेल. व्हायब्रॅटोचे बटण बंद ठेवायला मात्र विसरू नका. शुद्ध धैवत षड्जाच्या ५/३ पट धरल्यास ऑर्गनचा धैवत किती चढा येतो, ते तुम्हीच काढा. मग गायन शिकवणाऱ्या गुरुजींना किंवा बाईंना विचारा, त्यांच्या कानाला तो खटकतो का?