रक्ताचा अखंड व्यवहार

बंद मुठीएवढ्या आकाराचे व सुमारे ३०० ग्रॅम वजनाचे मानवी हृदय मिनिटाला साधारण ७२ ठोके देते. दिवसाचा हिशेब मांडल्यास ही संख्या एक लाखाच्या वर जाते. प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला पाच लिटर रक्त पुढे ढकलले जाते. प्रौढ शरीरातील एकूण रक्तही जवळपास तेवढेच असते. सारे भांडवल दर मिनिटाला एकदा फिरवून आणणारी अशी उलाढाल कोणत्याही पेढीला साधणार नाही.

चार कप्पे, दोन पंप

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना अलिंद व खालच्या दोन कप्प्यांना निलय म्हणतात. अलिंदे रक्त स्वीकारतात, निलये ते बाहेर पाठवतात. उजव्या व डाव्या बाजूंमध्ये पडदा असल्यामुळे हृदय म्हणजे वस्तुतः शेजारी शेजारी बसवलेले दोन पंपच होत.

शरीरभर फिरून आलेले, प्राणवायू कमी झालेले रक्त महाशिरांवाटे उजव्या अलिंदात येते. तेथून ते उजव्या निलयात आणि पुढे फुप्फुसांत जाते. कार्बन डायऑक्साइड सोडून व प्राणवायू घेऊन ते डाव्या अलिंदात परतते. मग डावे निलय ते महाधमनीतून सर्वांगाला पुरवते. पायाच्या बोटांपर्यंत रक्त पोहोचवायचे असल्याने डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा कितीतरी जाड असते. चार झडपा रक्ताला उलट फिरू देत नाहीत. डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा ‘लब-डब’ हा या झडपा मिटण्याचाच ध्वनी होय.

स्वतःची लय

उजव्या अलिंदाच्या भिंतीतील एक लहानसा पेशीसमूह विद्युतस्पंद निर्माण करतो व त्यातूनच ठोका उमटतो. मेंदूकडून येणाऱ्या मज्जातंतूंमुळे हा वेग कमीअधिक होतो, परंतु मूळ लय हृदयाची स्वतःचीच असते. हृदय प्रत्यारोपण शक्य होते ते यामुळेच. मज्जातंतू तुटलेले असूनही दात्याचे हृदय नव्या शरीरात धडधडू लागते.

भारतातील असा पहिला प्रयत्न फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केला, परंतु रुग्ण काही तासच जगला. पुढे ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थानात डॉ. पी. वेणुगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. त्याच वर्षी संसदेने संमत केलेल्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली आणि अवयवदानाचा मार्ग मोकळा झाला.

हृदयाचा स्वतःचा वाटा

रोखपालाच्या हातून दिवसाकाठी लाखो रुपये जातात, परंतु त्याचा चरितार्थ चालतो तो त्याच्या वेतनावर. हृदयाचेही तसेच आहे. कप्प्यांतून वाहणाऱ्या रक्तावर त्याच्या जाड स्नायूचे पोषण होत नाही. त्यासाठी महाधमनीच्या मुळाशी निघणाऱ्या दोन कोरोनरी धमन्या व त्यांच्या शाखा असतात. मुख्य धमन्यांची रुंदी अवघी तीन-चार मिलिमीटर असते. तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब व वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे त्यांत चरबीचे थर साचतात. अशा थराला तडा जाऊन रक्ताची गुठळी झाली की पुरवठा थांबतो. हाच हृदयविकाराचा झटका. पुरवठा पूर्ण थांबल्यास साधारण अर्ध्या तासात स्नायूपेशी मरू लागतात व मेलेला स्नायू पुन्हा निर्माण होत नाही.

म्हणून छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप अशी लक्षणे दिसल्यास ‘पित्त असेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नये. मधुमेही व्यक्तींना तर वेदना न होताही झटका येऊ शकतो. दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या रहदारीत रुग्णाने स्वतः वाहन चालवू नये. ११२ क्रमांकावर मदत मागावी. येथील कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो, तेव्हा हृदयरुग्णांनी भल्या पहाटे फिरणे टाळावे.

दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी वर्षातून एकदा रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे आणि रोज अर्धा तास भरभर चालावे. खातेपुस्तक आपण नियमित भरून घेतो, तितक्याच नियमाने ही नोंदही ठेवावी.