प्रोसेसरची गती वाढेना, तेव्हा कोठे पाहावे?

इतिहासाच्या शिक्षकाने संगणकाच्या प्रोसेसरवर पाठ लिहावा, याचे वाचकांस नवल वाटेल. निमित्त असे घडले. गतवर्षी दिवाळीच्या सुटीत आपल्या वसतिगृहाचा एक माजी विद्यार्थी स्वतःचा संगणक दुचाकीवर बांधून शाळेत आला. त्याची आई घरी घुंगरू जोडण्याचे काम करते आणि तो हुपरीतील लहान कारखानदारांना पैंजणांची संकल्पचित्रे संगणकावर करून देतो. एक चित्र पूर्ण होण्यास बावन्न मिनिटे लागत. त्याचा प्रोसेसर रायझन ३ २२०० जी हा होता. या मालिकेची गती वाढवता येते, असे त्याने वाचले होते. प्रत्यक्षात मात्र आकडा तसूभरही हलेना. दुकानदाराने निकाल दिला होता, "प्रोसेसरच कमजोर आहे, वरचा घ्या." त्यासाठी आईच्या भिशीचे पैसे उचलायचे ठरले होते.

मी त्याला म्हटले, "अगोदर पुरावा पाहू."

प्रोसेसरची गती हा एक गुणाकार असतो. मदरबोर्डवरून मिळणारा मूळ ठोका बहुधा १०० मेगाहर्ट्झचा असतो. त्याला गुणकाने गुणायचे. गुणक ३५ असेल तर ३,५०० मेगाहर्ट्झ, म्हणजेच ३.५ गिगाहर्ट्झ. पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचे नाव ज्या पेन्टियमशी जोडले गेले, तो १९९३ साली आला तेव्हा त्याची गती ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ होती. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे हा गुणक, क्वचित मूळ ठोका, कंपनीने नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे नेणे.

हा गुणक पूर्वी सर्रास बदलता येई. पुढे काही व्यापारी कमी गतीच्या प्रोसेसरवर जास्त गतीचा शिक्का उमटवून ते चढ्या भावाने विकू लागले, आणि इंटेलने गुणकाला कुलूप घातले. फसवणूक थांबवणे हे त्याचे एक कारण. महाग आणि स्वस्त माल वेगळा राखता येतो, हे दुसरे कारणही दडवण्याचे प्रयोजन नाही. तरीही १९९८ च्या सेलेरॉन ३०० ए या स्वस्त प्रोसेसरने कमाल केली. त्याचा गुणक साडेचारवर बंद होता, परंतु लोकांनी मूळ ठोका ६६ वरून १०० वर नेला आणि ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर चालू लागला. तो कमजोर नव्हता. त्याची किंमत तेवढी कमी होती.

आजही पहिला प्रश्न कुलपाचाच. इंटेलच्या बाबतीत नावाच्या शेवटी 'के' हे अक्षर आहे का ते पाहावे. नसेल तर गुणक सर्वसाधारणपणे बंद समजावा. दुसरा प्रश्न मदरबोर्डचा, आणि बहुतेकांची दृष्टी येथेच चुकते. प्रोसेसर मोकळा असला तरी मदरबोर्डवरील चिपसेटने परवानगी द्यावी लागते. इंटेलमध्ये ती 'झेड' मालिकेचे चिपसेट देतात. आमच्या विद्यार्थ्याचा प्रोसेसर मोकळाच होता. मदरबोर्डवरचे नाव वाचले, तेव्हा ते ए ३२० निघाले. हा चिपसेट ओव्हरक्लॉकिंग करूच देत नाही. बायोसमध्ये गुणकाची ओळ शोधून सापडणार नव्हती. भिशीचे पैसे घालून आणलेला नवा प्रोसेसरही याच दाराशी अडला असता.

कोल्हापुरातून एक वापरलेला बी ४५० मदरबोर्ड त्याने बऱ्याच कमी पैशांत मिळवला. मग वही काढली. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. चांदीची तार ओढणाऱ्या घरच्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही. तार एका छिद्रातून थेट चार छिद्रे पुढे नेली तर तुटते. मध्ये तापवून मऊ करावी लागते.

गुणक ३८ वर संगणक निमूट चालला. ३९ वर वीस मिनिटांत बंद पडून पुन्हा सुरू झाला. येथे उष्णतेकडे वळावे. प्रोसेसरचा वीजवापर गतीच्या प्रमाणात वाढतो, व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही दहा-दहा टक्क्यांनी वाढवले तर वापर सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो आणि तेवढीच उष्णता बाहेर टाकावी लागते. या प्रोसेसरची तापमानमर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे. पंखा काढला तर हीटसिंकच्या पात्यांत धूळ दाटलेली आणि थर्मल पेस्ट वाळून खपली झालेली. आठवीतील एकाने विचारले, "सर, मध्ये चांदीचा पत्रा बसवला तर?" प्रश्न हुपरीला शोभणारा! उष्णता वाहून नेण्यात सर्व धातूंत चांदी अव्वल, हे खरेच; काही पेस्टमध्ये तिची बारीक भुकटीही असते. परंतु दोन पृष्ठभागांमधील सूक्ष्म खळगे पत्र्याने भरत नाहीत, तेथे हवा राहते, आणि पत्र्याचा तुकडा बोर्डवर पडला तर शॉर्टसर्किट ठरलेलेच. जुनी पेस्ट पुसून नव्या पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब ठेवला. त्यानंतर ३९ टिकले.

४० वर पडदा काळाच राहिला. अशा वेळी घाबरू नये. वीज पूर्ण बंद करून मदरबोर्डवरील गोल बॅटरी काही मिनिटे काढून ठेवली की बायोस मूळ स्थितीला येते. व्होल्टेज मनास येईल तसे चढवू नये. त्यातून झालेले नुकसान हमीत बसत नाही. पॉवर सप्लाय हलका असला तरी हीच लक्षणे दिसतात, म्हणून तोही बदलून पाहिला. फरक पडला नाही. एकाच नावाचे दोन प्रोसेसर सारख्याच उंचीवर थांबतात असे नाही; आमचा येथे थांबला.

एक गफलत सांगून ठेवतो. संगणक रिकामा असताना प्रोसेसर स्वतःहून गती उतरवतो. तेव्हाचा आकडा पाहून पुष्कळ जण वाढ झालीच नाही असे समजतात. गती मोजायची ती काम चालू असताना, आणि तासन् तास.

उन्हाळ्याचा विचार करून त्याने अखेर ३८ वरच राहायचे ठरवले. वहीत त्याची शेवटची नोंद आहे: पैंजणाचे तेच चित्र, अठ्ठेचाळीस मिनिटे.