नाक्यावरची जकात आणि घरातली जकात



मराठी भाषेत ‘जकात’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अर्थ आपल्या श्रद्धेचा आहे: इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी एक उपासना. दुसरा अर्थ महाराष्ट्रातील प्रत्येक जुन्या व्यापाऱ्याला ठाऊक आहे: शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर वसूल होणारा कर. शब्द एकच असला तरी या दोहोंचा स्वभाव अगदी भिन्न आहे. करपद्धती न्याय्य केव्हा ठरते, हे या भिन्नतेतूनच समजून घेता येते.

नाक्यावरची जकात मालावर होती, माणसाच्या ऐपतीवर नव्हती. मालाचा धनी कर्जबाजारी आहे की कोट्यधीश, या मालावर त्याला नफा होणार की तोटा, हा प्रश्नच तेथे उद्भवत नसे. माल विकला जाण्यापूर्वीच कर भरावा लागे आणि अखेरीस त्याचा भार ग्राहकावर पडे. मुंबईत ही जकात १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू होताच संपली. परंतु रस्ते, पाणी व रुग्णालये यांचा खर्च काही संपला नाही. म्हणूनच महापालिकेच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई देण्यासाठी राज्याला त्याच वर्षी स्वतंत्र कायदा करावा लागला. कर रद्द झाला तरी त्याचा भार कोणाच्या तरी खांद्यावर जातोच. तो खांदा कोणाचा असावा, हाच खरा प्रश्न आहे.

आता उपासनेच्या जकातीकडे पाहा. ती निसाबाहून कमी संपत्ती असणाऱ्याला हात लावत नाही. चांदीचा निसाब सुमारे ६१२ ग्रॅम आहे. संपत्तीवर एक चांद्रवर्ष उलटल्यावर अडीच टक्के द्यावे लागतात. दुकानाची जागा, तराजू, कपाटे, कारागिराची अवजारे यांवर जकात नाही. शेतीतही पावसावर पिकणाऱ्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा, तर कष्टाने पाणी दिलेल्या पिकाचा विसावा हिस्सा ठरवलेला आहे. म्हणजे ज्याचे श्रम अधिक, त्याच्यावर भार कमी. संपत्ती केवळ धनवानांमध्येच फिरत राहू नये, हा हेतू सूरह अल्-हश्रमध्ये स्पष्ट सांगितला आहे.

व्यापारावरील करातही हेच तत्त्व पाळले गेले. माननीय उमर (रजि.) यांच्या काळात परदेशांत मुस्लिम व्यापाऱ्यांकडून दहावा हिस्सा घेतला जाई, म्हणून इस्लामी राज्यातही व्यापारी मालावर कर सुरू झाला. दोनशे दिरहमपेक्षा कमी किमतीच्या मालाला मात्र माफी होती. इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी आपल्या ‘किताबुल खराज’ या ग्रंथात याच काळातील एक प्रसंग नोंदवला आहे. बनू तग्लिब कबिल्याचा एक ख्रिस्ती गृहस्थ घोडा घेऊन करनाक्यावरून निघाला. घोड्याची किंमत वीस हजार दिरहम ठरली आणि अधिकारी जियाद बिन हुदैर यांनी एक हजार दिरहम कर घेतला. त्याच वर्षी तो परत येत असता त्याच घोड्यावर पुन्हा एक हजार मागितले गेले. त्याने थेट मक्का गाठून खलिफांकडे तक्रार केली. त्यांनी एका शब्दात आश्वासन दिले. आपले म्हणणे दुर्लक्षिले गेले, असे वाटून तो निराश होऊन परतला. दुसरे हजार दिरहम भरण्याची त्याने मनाची तयारी केली होती. परंतु नाक्यावर त्याच्याआधीच खलिफांचा आदेश पोहोचला होता: एकदा घेतल्यावर वर्षभर पुन्हा घेऊ नये.

एका परधर्मीय व्यापाऱ्याच्या एका घोड्यासाठी राज्याने आपला नियम स्पष्ट केला! आजच्या जीएसटीमध्ये खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते, तिचाही हेतू करावर कर बसू नये हाच आहे.

अब्बासी खलिफा हारून रशीद यांच्यासाठी लिहिलेल्या याच ग्रंथात अबू यूसुफ (रह.) करवसुलीचा मक्ता देण्यास विरोध करतात, कारण मक्तेदार आपल्या फायद्यासाठी रयतेला पिळतो. जमिनीवर ठरावीक सारा लावण्याऐवजी पिकाचा हिस्सा घ्यावा, म्हणजे पीक बुडाले तर शेतकरी बुडणार नाही, असेही ते सुचवतात. ह. उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांनी तर सुधारणेचा आरंभ स्वतःच्या घरापासून केला. राजघराण्याने बळकावलेल्या मालमत्ता त्यांनी परत करविल्या. सुमारे साडेसहाशे वर्षांनंतर इब्ने खल्दून यांनी ‘मुकद्दमा’मध्ये इतिहासाचा निष्कर्ष मांडला: राज्याच्या आरंभी कराचे दर कमी व महसूल अधिक असतो. राज्य उतरणीला लागते तेव्हा दर वाढतात, लोकांचा उद्योगातील उत्साह मावळतो आणि महसूलच आटतो.

राज्यकर्त्यांची जबाबदारी तर स्पष्ट झाली. आता आपली पाहू या. आपल्यापैकी काही दुकानदार म्हणतात, “आम्ही एवढे कर भरतो, मग वेगळी जकात कशाला?” कर ही नागरिकाची जबाबदारी आहे, तर जकात उपासना आहे. तिचा संकल्प वेगळा, दर वेगळा आणि तिचे आठ हक्कदार सूरह अत्-तौबामध्ये ठरवून दिलेले आहेत. म्हणून कर भरल्याने जकात अदा होत नाही. मात्र जे पैसे करापोटी गेले, ते आपल्याजवळ उरले नाहीत, म्हणून त्यांवर जकातही नाही.

एक हिशोब पाहा. वर्षाअखेर दुकानात सहा लाखांचा माल, दीड लाख रोकड आणि वसूल होऊ शकणारी एक लाखाची उधारी आहे. घाऊक व्यापाऱ्याचे देणे दोन लाख दहा हजार आहे आणि ग्राहकांकडून घेतलेला, पण अद्याप भरावयाचा जीएसटी चाळीस हजार आहे. साडेआठ लाखांतून अडीच लाख वजा जाता सहा लाख उरतात. त्यांवर जकात पंधरा हजार रुपये.

या हिशोबातील चाळीस हजारांकडे पुन्हा पाहा. ते आपले नव्हतेच. ग्राहकाने शासनासाठी आपल्या हाती दिलेली ती अमानत आहे. ती गल्ल्यात दडवणे म्हणजे अमानतीत खयानत होय. शिवाय आपण भरणा केला नाही, तर आपल्याकडून माल घेणाऱ्या छोट्या दुकानदाराची वजावट अडकते आणि आपल्या अप्रामाणिकपणाचा दंड त्याला भोगावा लागतो.

करपद्धतीतील अन्यायाविरुद्ध आपण अवश्य बोलावे. त्या तग्लिबी व्यापाऱ्याने मक्केपर्यंत जाऊन तक्रार केली. पण पहिले हजार दिरहम मात्र त्याने चुकवले नव्हते.

अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो आणि आपल्याला स्वच्छ हिशोबाने त्याच्यासमोर उभे राहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.